रिकाम्या उत्तराची परीक्षा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्न नीट विचारायला शिकवले. आजचा विषय त्यांच्या कामाला धरूनच निवडला आहे. आपण संगणकातल्या माहितीच्या साठ्याला, म्हणजे डेटाबेसला, प्रश्न विचारतो. तो कसलीही तक्रार करत नाही, आज्ञा निमूटपणे पाळतो आणि उत्तरादाखल रिकामा पडदा दाखवतो. अशा वेळी काय समजावे आणि काय तपासावे, याबद्दल मला बोलायचे आहे.

आज इथे दोन प्रकारचे श्रोते बसले आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांत दिवसभर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, चालवणारे तरुण आहेत. आणि एखाद्या खिडकीसमोर तासभर उभे राहून “तुमचं नाव दिसत नाही” हे ऐकून परत आलेले ज्येष्ठ नागरिकही आहेत. या दोघांचा विषय एकच आहे. पडदा तोच, फक्त दोघे त्याच्या दोन बाजूंना आहेत.

चूक झाली की सर्व्हर सहसा सांगतो. टेबलाचे नाव चुकले, कंस राहिला, तर लाल अक्षरांत संदेश येतो आणि निम्मे काम तिथेच होते. रिकामा रिझल्ट ही चूक नसते. विचारले तेवढ्याचे उत्तर सर्व्हरने प्रामाणिकपणे दिलेले असते: या अटींत बसणारी एकही ओळ मला दिसली नाही. आपण मात्र त्याचा अर्थ ‘अशी ओळ अस्तित्वातच नाही’ असा घेतो. या दोन वाक्यांतले अंतर मोठे आहे, आणि आजचे सगळे बोलणे त्या अंतराबद्दल आहे.

हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशावरून कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते वेगळे मोजले नाही. अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातूनच होते, असे ते म्हणाले. वाद शतकानुशतके चालला, पण एका अटीवर दोन्ही पक्ष ठाम राहिले. ती अट योग्यतेची. जमिनीवर घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असायला हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, नजर त्याच जागेवर हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यातून घटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. या विचारातल्या संज्ञा ज्यांना मुळातून पाहायच्या असतील, त्यांच्यासाठी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९२८ मध्ये आपल्या पुण्यातूनच प्रकाशित केली.

माझे म्हणणे एवढेच आहे की डेटाबेसच्या रिकाम्या उत्तरालाही हीच अट लावली पाहिजे. ओळ असती तर या आज्ञेने, या जागी, या माणसाला, या क्षणी ती मिळालीच असती का? याला ठाम ‘हो’ म्हणता आले, तरच ते उत्तर ‘नाही’चा पुरावा ठरते. म्हणून कामाचा पहिला नियम असा: जे नक्की आहे, ते आधी शोधून पाहा. ज्या माणसाची नोंद असल्याची खात्री आहे, त्याच्यासाठी तीच क्वेरी चालवा. तीही रिकामी आली, तर बिघाड तुमच्या विचारण्यात आहे आणि हव्या असलेल्या नोंदीबद्दल तुम्हाला अजून काहीच कळलेले नाही. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी अर्धा दिवस वाचवते.

ती चाचणी फसली की पुढे ओळीने पाहायचे. मी कुठे आहे, मी कोण आहे, आत्ता कोणती वेळ आहे, मी नेमके काय विचारले, आणि कोणत्या अक्षरांत विचारले.

मी कुठे आहे, हे आधी. टेस्ट सर्व्हर आणि प्रॉडक्शन सर्व्हर यांच्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात आणि घाईत हात भलतीकडे जातो. काही साधने इथे फारच उदार आहेत. एसक्यूलाइटला फाइलचे नाव चुकीचे दिले, तर ते तक्रार करत नाही. त्या नावाचा नवा, कोरा डेटाबेस उघडून देते. मोंगोडीबीमध्ये कलेक्शनच्या नावात एक अक्षर चुकले, तरी शोध चालतो आणि शून्य नोंदी देतो. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची यादी मागितली की फक्त शोधमार्गातल्या स्कीमांची टेबले दिसतात. तुमचे टेबल दुसऱ्या स्कीमात जागच्या जागी असते आणि पडद्यावर मात्र काहीच सापडले नाही असे येते. म्हणून सर्व्हरलाच विचारावे की मी कोणत्या यंत्रावर, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या स्कीमात बसलो आहे. स्वतःच्या समजुतीवर विसंबू नये.

मी कोण आहे, हा प्रश्न जास्त फसवा आहे, कारण इथे रिकामे उत्तर मुद्दाम दिलेले असते. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेसांची यादी मागितली, तर ज्यांच्यावर तुमचा काही ना काही अधिकार आहे तेवढेच दिसतात. चालू कनेक्शनांची यादी मागितली आणि त्यासाठीचा विशेष अधिकार नसला, तर फक्त स्वतःची कनेक्शने दिसतात. एसक्यूएल सर्व्हरने २००५च्या आवृत्तीपासून हाच दंडक घातला: ज्या वस्तूवर अधिकार नाही, ती सिस्टिमच्या याद्यांत दिसतच नाही. पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१६ पासून, ओळीगणिक परवानगीची सोय आली. ती चालू केली आणि कोणतेही धोरण लिहिले नाही, तर सामान्य वापरकर्त्याला शून्य ओळी दिसतात. टेबलाच्या मालकाला मात्र सगळे दिसत राहते. म्हणून टेबल ज्याने तयार केले तो डेव्हलपर छातीठोकपणे सांगतो, “माझ्याकडे तर येतंय”, आणि ॲप्लिकेशनच्या लॉगिनला काहीही येत नाही. दोघेही खरे बोलत असतात. यामागचे कारण सबळ आहे. ‘आहे, पण तुला दाखवणार नाही’ असे सांगणे म्हणजेच ते असल्याची बातमी देणे, आणि ती बातमीही कधीकधी गुप्त ठेवावी लागते. या धोरणाला माझा विरोध नाही. पण ज्याच्या हातात मर्यादित अधिकाराचे लॉगिन आहे, त्याने आपल्या रिकाम्या पडद्यावरून जगाबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

तिसरा प्रश्न वेळेचा. एका सहकाऱ्याने नोंद भरली, पण कमिट, म्हणजे कायम, केली नाही. त्याच्या सत्रात ती आहे, बाकीच्यांसाठी ती अजून जन्मलेली नाही. शास्त्रकार याला प्रागभाव म्हणतील. उलटही घडते. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत एखादे ट्रान्झॅक्शन सकाळी सुरू करून तसेच उघडे ठेवले, तर साध्या सिलेक्टला त्याच्या पहिल्या वाचनाच्या वेळचेच चित्र दिसत राहते. नंतर इतरांनी कमिट केलेली नोंद दुपारीही दिसत नाही. मुख्य सर्व्हरची प्रत वाचनासाठी वेगळी ठेवली असेल, तर ती प्रत काही क्षण, कधी काही मिनिटे मागे असू शकते.

तारखांचे म्हणाल, तर आर्थिक वर्षअखेरीचे उदाहरण पाहा. ३१ मार्चच्या पावत्या मागितल्या आणि एकही आली नाही. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही साठवलेली असते. नुसते ‘३१ मार्च’ लिहिले की सर्व्हर त्याचा अर्थ त्या दिवशीचे रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे असा घेतो. त्या नेमक्या क्षणाला कोणी पावती फाडलेली नसते. ‘३१ मार्चपासून, १ एप्रिलच्या आत’ असे विचारले की सगळ्या पावत्या हजर होतात. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल, तर आणखी एक पेच आहे. आपण साडेपाच तास पुढे आहोत, त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी सर्व्हरच्या लेखी कालच्या असतात.

आता चौथा प्रश्न: मी नेमके काय विचारले? इथे थोडे मागे जावे लागेल. एडगर कॉड या संशोधकाने आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर प्रश्न विचारण्याची भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. १९८५ मध्ये कॉडने जे नियम प्रसिद्ध केले, त्यांतला तिसरा नल या चिन्हाबद्दल आहे. माहिती उपलब्ध नाही किंवा लागू नाही, हे दाखवण्यासाठी शून्याहून आणि कोऱ्या जागेहून वेगळे असे चिन्ह हवे, असे तो सांगतो. अशा चिन्हामुळे एसक्यूएलचे तर्कशास्त्र तीन किमतींचे झाले: खरे, खोटे आणि अज्ञात. आणि वेअरच्या, म्हणजे क्वेरीतल्या अटींच्या, दारातून फक्त ‘खरे’ आत येते. ‘खोटे’ आणि ‘अज्ञात’ दोघेही बाहेर राहतात.

याचा परिणाम एका गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबावर कसा होतो ते दाखवतो. ज्यांनी मेंटेनन्स भरला नाही त्यांची यादी हवी आहे. सरळ विचार असा की पावत्यांच्या टेबलात ज्यांचे सदस्य क्रमांक नाहीत, ते सदस्य काढा. क्वेरीत ‘नॉट इन’ लिहिले आणि यादी रिकामी आली. सगळ्यांनी पैसे भरले म्हणून अध्यक्ष खूश. प्रत्यक्षात घडले असे, की एका पावतीवर सदस्य क्रमांक घालायचा राहिला होता. तिथे नल होता. आता सर्व्हर पाचव्या सदस्याबद्दल विचार करतो. पाच हा एकपेक्षा वेगळा आहे का? हो. दोनपेक्षा वेगळा आहे का? हो. त्या अज्ञात क्रमांकापेक्षा वेगळा आहे का? सांगता येत नाही. तो पाचही असू शकेल. एकूण उत्तर ‘अज्ञात’, आणि सदस्य यादीबाहेर. हाच न्याय पैसे न भरलेल्या प्रत्येकाला लागतो. एका पावतीवरच्या एका मोकळ्या रकान्याने सगळ्या थकबाकीदारांना लपवले. सर्व्हर इथे कुठेही चुकलेला नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा दावा त्याने केला नाही. ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरले की यादी मिळते. पण खरा उपाय आधीचा आहे: पावतीवर सदस्य क्रमांक मोकळा राहूच शकणार नाही, असे बंधन टेबलावरच घालावे.

अटी अनेक असतील तेव्हा एकच पद्धत उपयोगी पडते. सगळ्या अटी काढून टाका आणि एकूण ओळी मोजा. मग एकेक अट परत लावा आणि दर वेळी मोजा. ज्या अटीवर आकडा शून्य होतो, तिथे थांबा आणि ती वाचा. दोन टेबले लेफ्ट जॉइनने जोडून उजव्या टेबलाची अट वेअरमध्ये लिहिली, की जोडी न मिळालेल्या ओळी गळून पडतात. हे एरवी तासभर टक लावून दिसत नाही, पण मोजत गेले की तिसऱ्या पायरीला सापडते.

आता पाचवा प्रश्न, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा. कोणत्या अक्षरांत विचारले? हे दुखणे आपल्या लिपीचे आहे. परदेशात छापलेल्या पुस्तकात त्याचे औषध मिळणार नाही.

आपल्या जिल्ह्यातली कऱ्हा नदी घ्या. सासवड, जेजुरी, बारामती या वाटेने ती जाते. तिचे नाव युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतसंचात, दोन तऱ्हांनी साठवता येते. पहिल्या तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्याला हलंत. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलंत आणि त्यानंतर न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक. युनिकोडने पहिली तऱ्हा सांगितली आणि १९९६च्या आपल्या २.० आवृत्तीशी जुळते राहावे म्हणून दुसरीही चालू ठेवली. ‘कऱ्हा’ आणि ‘कर्‍हा’ पडद्यावर अगदी एकसारखे दिसतात. पण सर्व्हरला लांबी विचारा. पहिल्या शब्दात पाच चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. दुसऱ्यात सहा चिन्हे, अठरा बाइट. एका कारकुनाने पहिल्या कळफलकाने भरलेली नोंद दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकाने शोधली, तर उत्तर रिकामे येऊ शकते. वऱ्हाडे, कऱ्हाडकर, बऱ्हाटे अशी आडनावे असलेल्या प्रत्येक घराला हा धोका आहे.

वकिलांचीही तीच गत आहे. ‘ॲड.’ लिहिताना आजचे चिन्ह ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या नोंदींत अ आणि चंद्र अशी दोन चिन्हे मिळून ‘अॅ’ आहे, आणि काही ठिकाणी ‘ऍ’ आहे. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे. गट क्रमांक एकाने मराठी आकड्यांत भरला आणि दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत शोधला, तरी तेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी शब्दाच्या अवतरणाआधी ‘एन’ हे अक्षर लिहायचे राहिले, तर एरवीच्या मांडणीत ‘पुणे’ची प्रश्नचिन्हे होतात आणि शोध त्या प्रश्नचिन्हांचा घेतला जातो. तसे गाव महाराष्ट्रात नाही, म्हणून शून्य ओळी.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे न दिसणारी सगळी चिन्हे पुसून टाकणे. तो करू नका. ‘दर्‍या’मधला अदृश्य जोडक पुसला की उरते ‘दर्या’. सह्याद्रीच्या दऱ्यांचा अरबी समुद्र होतो, आणि तोही डेटाबेसमध्ये कायमचा. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवावे. पोस्टग्रेसमध्ये १३व्या आवृत्तीपासून ते सर्व्हरवरच करता येते. पण ते पुरेसे नाही. र आणि नुक्ता अशा फोडलेल्या रूपाचा ते ‘ऱ’ करते. जोडकाचा पेच आणि ‘ॲ’ची तीन रूपे ते सोडवत नाही. त्यासाठी मराठीचा स्वतःचा नियमसंच लागतो: आधी र, हलंत आणि जोडक यांचा ‘ऱ्’ करा, ‘अॅ’चा ‘ॲ’ करा, मराठी नावांतल्या ‘ऍ’चाही ‘ॲ’ करा, आकडे एका रूपात आणा. हा नियमसंच नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी तोच लावा. आणि माणसाने आपले नाव जसे लिहिले तसे मूळ रूप वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा. शोधासाठी एक रूप, कागदावर छापण्यासाठी त्याचे स्वतःचे.

हे काम पुण्याने अंगावर घ्यावे, असे मी आग्रहाने म्हणतो, कारण भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात या शहराचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये इथे सी-डॅक उभी राहिली. भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूरहून तिथे आले आणि वाढले. इस्की हे लिपिसंकेतांचे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच १९८८च्या रूपावर आधारलेला आहे. श्रीलिपी हे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. त्या काळातल्या फॉन्टमधला मजकूर आजही अनेक कार्यालयांत साठलेला आहे आणि युनिकोडमध्ये विचारलेल्या शोधाला तो दाद देत नाही. डेटाबेसच्या धंद्यात मुरलेली माणसे इथे आहेत. पर्सिस्टंट सिस्टिम्स १९९० मध्ये इथेच सुरू झाली. राज्याच्या जमाबंदी आयुक्तांचे कार्यालयही याच शहरात आहे, आणि सातबारा शोधताना गट क्रमांकाबरोबर नाव आणि आडनावानेही शोधण्याची सोय शासनाने दिलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाचा मान राखायचा, तर मराठी माणसाला आपले नाव आपल्या लिपीत शोधता आले पाहिजे.

कारण रिकामे उत्तर शेवटी कोणाच्या तरी पदरात पडते. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत १७ एप्रिलला पुण्यात मतदान झाले. यादीत नाव नाही, हे अनेकांना केंद्रावर गेल्यावर कळले आणि तक्रारींचा पाऊस पडला. तो प्रश्न क्वेरीचा नव्हता, नावे वगळली गेल्याचा होता. शास्त्राच्या भाषेत प्रध्वंसाभाव, होते ते नाहीसे होणे. मी त्याची आठवण वेगळ्या कारणाने करतो. नाव कधी नव्हतेच, होते पण काढले, आहे पण सापडत नाही, आणि आहे पण तुम्हाला दाखवायचे नाही, या चार गोष्टी अगदी निराळ्या आहेत. पहिलीसाठी नवा अर्ज भरायचा, दुसरीसाठी दाद मागायची, तिसरीसाठी पुन्हा शोधायचे, चौथीसाठी अधिकार असलेल्या माणसाकडे जायचे. समोरच्या पडद्यावर मात्र चौघींचा चेहरा एकच: रिकामा. ज्याला फरक सांगता येत नाही, तो कारकून समोरच्या वृद्ध बाईंना चुकीच्या रांगेत पाठवतो आणि त्यांचा दिवस जातो, कधी पेन्शनचा महिना जातो.

म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. ‘नोंद आढळली नाही’ एवढाच संदेश कधीही दाखवू नका. काय शोधले, कोणत्या गावात, कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदींत आणि कोणत्या अक्षरांनी, हे त्याच वाक्यात लिहा. कनेक्शन तुटले असेल तर तसे सांगा. चूक गिळून रिकामी यादी दाखवणारा प्रोग्राम नागरिकाशी खोटे बोलतो. जवळपास जुळणारी नावे असतील तर, अधिकार पाहून, तीही पुढे करा. कार्यालयांतल्या मंडळींना विनंती अशी की नाव सापडले नाही तर ते दुसऱ्या तऱ्हेने लिहून एकदा तरी पाहा, आणि लेखी ‘नाही’ देण्याआधी वरिष्ठाच्या लॉगिनने तपासा. आणि नागरिकांना सांगतो: ‘नाव नाही’ असे ऐकल्यावर शांतपणे विचारा, “कसं शोधलंत?” हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही पुढे मोठमोठ्या यंत्रणा बांधाल. लाखो लोकांच्या जमिनी, पेन्शनी, दाखले तुमच्या क्वेरीतून जातील. ‘आहे’ म्हणायला एक ओळ पुरते. ‘नाही’ म्हणायचे असेल, तर आधी हे दाखवावे लागते की असते तर आपल्याला मिळालेच असते. आपल्या पूर्वसूरींनी एका घटाच्या अभावासाठी ही अट पाळली. एका जिवंत माणसाच्या नावासाठी ती पाळणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्याइतके ज्ञान या शहरात आज हजर आहे.